पाठराखीण

“गीळ लवकर. कुणीतरी येतंय.”

हेमानं गोळी जिभेवर ठेवली, तांब्यातल्या पाण्याचा घोट घेतला आणि मान आखडून डोळे मिटले. गोळी केवढी, तर मसुरीच्या डाळीएवढी. ती गिळायला तिला तीन घोट लागले. मग गळ्यावर हात ठेवून ती म्हणाली, “आत्ती, घसा लई दुखतोय गं. कुणी आतनं खरवडल्यासारखा.”

मी बाटलीचं झाकण लावता लावता थांबले. न्हाणीच्या मागं, बंबाच्या आडोशाला आम्ही दोघी उभ्या होतो. लग्नाला दोन दिवस झाले होते. हेमाच्या हातावरची मेंदी अजून लालभडक होती आणि सासरच्या घरात कुठला दिवा कुठल्या बटणानं लागतो, एवढंही तिला ठाऊक नव्हतं.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई मध्येच कुठनं उगवली. मी द्वारका. हेमाच्या बापाची थोरली बहीण. बावीस दिवस सासरी नांदले आणि तेविसाव्या दिवशी ट्रंकेसकट माहेरी आले, ती कायमची. मला लहानपणापासून आकडी यायची. आईनं ते लपवून लग्न लावलं आणि गोळ्यांची पुडी कुंकवाच्या करंड्याखाली दडवून दिली. सासूला ती सापडली. सासरा स्वतः एसटीत बसवून द्यायला आला होता. सगळ्या स्टँडादेखत त्यानं माझी ट्रंक टपावर चढवली, आणि गाडी हलायच्या आतच पाठ फिरवून निघाला.

तेव्हापासून मी भावाच्या घरात. भाऊ गाय आहे. वहिनीही वाईट नाही. दोन वेळचं जेवण, वर्षाला दोन लुगडी, कशाला नाही म्हणू? पण हळदीकुंकवाला गेले की बायका आधी एकमेकींकडं बघायच्या आणि मग माझ्या कपाळाला बोट लावायच्या. त्या बघण्याची सवय मला सत्तावीस वर्षांत झाली नाही. हेमा तेवढी माझी. ती माझ्या मांडीवर वाढली, माझ्याच हातनं जेवली, आईपेक्षा माझ्यामागं जास्त फिरली.

तिचा साखरपुडा झाला आणि दोन महिन्यांत पोरगी वाळायला लागली. खायची दोन माणसांचं, पण अंगाला काही लागेना. पौषातल्या थंडीत पंखा लावून झोपायची. कपबशी हातात दिली की वाजायची. तिच्यासारखी शांत पोर, पण आईशी एकेक शब्दावरनं भांडायला लागली. डोळे असे मोठे दिसायचे, जणू सारखी कशाला तरी दचकलीय. बायका म्हणायच्या, लग्नाची काळजी, दुसरं काय. शेवटी मी आणि वहिनीनं तिला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी गळा चाचपला, नाडी मोजली, हात पुढं करायला लावून त्यावर कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा हलत होता. रक्ताचा कागद आला तेव्हा ते म्हणाले की गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी नको तेवढी जोरात चालतेय. घाबरायचं कारण नाही, औषध आहे. दिवसातनं तीन गोळ्या, वर्ष-दीड वर्ष.

हेमा बाहेर बाकावर बसली होती. आत आम्ही दोघीच. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडं बघून सावकाश सांगितलं. माझ्या कानात ते अजून जसंच्या तसं आहे.

“गोळी चुकवायची नाही. पण एक ध्यानात ठेवा. घसा दुखला, ताप आला, तोंड आलं, यातलं काही झालं तर गोळी तिथंच थांबवायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. या गोळीनं हजारात एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होतात. मग साधा घसासुद्धा जिवावर बेततो.”

परत येताना गाडीत वहिनी म्हणाली, हजारात एखादा, आपली हेमा कशाला असेल त्यात? मीही मान डोलावली. आमच्या दोघींच्या डोक्यात भीती वेगळीच होती. लग्न सहा आठवड्यांवर आलेलं, पत्रिका छापून झालेल्या. मुलाकडचे मोठे बागायतदार. सोळा एकर द्राक्षं, स्वतःचं बेदाण्याचं शेड. त्यांना कळलं तर? वहिनीनं गोळ्या पाकिटातनं सोडवून रक्तवाढीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. डॉक्टरांचे कागद गव्हाच्या कणगीत घातले. आणि पाठराखीण म्हणून मला धाडायचं ठरवलं.

पाठराखीण म्हणजे नव्या नवरीच्या सोबतीला चार दिवस सासरी राहायला जाते ती बाई. एखादी चुलतबहीण जाते, नाहीतर भावकीतली हौशी म्हातारी. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला कुणी या कामाला लावत नाही. भावकीत कुजबुज झालीच. पण वहिनीनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “वन्सं, तुमच्यावर जे आलं ते पोरीवर येऊ देऊ नका. तुमच्याइतकं हे कुणाला कळणार नाही.” मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कामाची म्हणलं होतं. मी बाटली घेतली.

तर त्या बुधवारी सकाळी बंबामागं आम्हाला चाहूल लागली ती विहीणबाईंची. अनुसयाबाई. उंच, हाडापेरानं दणकट, आवाज असा की शेडात बोलल्या तर रस्त्यावर ऐकू यावं. नवरा गेल्यावर सगळा बारदाना त्यांनीच उभा केला होता. मी बाटली पदरात घेतली. हेमाचा चेहरा बघून त्यांनी काय झालं विचारलं. हेमा म्हणाली, घसा दुखतोय.

“गंधकाचा धूर,” विहीणबाई लगेच म्हणाल्या आणि हसल्या. “आमच्याकडं नवी सून आली की पहिला घसाच धरतो. मला पंधरा दिवस बोलता येत नव्हतं. नवरा खूश होता.”

खरंच होतं ते. चैत्राचे दिवस, बेदाण्याचा हंगाम ऐन भरात. घराच्या मागंच शेड. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून गंधकाची धुरी देतात, आणि वारा फिरला की तो धूर थेट सैपाकघरात यायचा. आल्या दिवसापासून माझेही डोळे चुरचुरत होते. तेव्हा मला कसं हायसं वाटलं म्हणून सांगू! धूर. धुरानं घसा धरतो, जगात सगळ्यांचाच धरतो. डॉक्टर म्हणाले तो घसा वेगळा. मी स्वतःला असं शंभरदा सांगितलं. हेमाला हळदीचं दूध दिलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या.

दुपारची गोळी द्यायची वेळ आली तेव्हा माझा हात बाटलीवर थांबला. नाही असं नाही. बंद करावी का? पण दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता. सगळी भावकी येणार, नवराबायको पूजेला बसणार. गोळी बंद केली आणि तिचे हात पुन्हा तसे थरथरायला लागले तर? पळीतलं पंचामृत सांडलं, डोळे तसे दिसायला लागले, तर पन्नास बायकांत एखादी तरी म्हणणार, हिला काहीतरी आहे. एका दिवसानं हात थरथरत नसतात हे आता कळतं. तेव्हा कोण सांगणार होतं? मी गोळी दिली.

दिवस कलला तसा हेमाला ताप आला. माजघरात ती पडून होती. मी कपाळाला हात लावला, तर चटका बसला. विहीणबाईंनी गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण होते, नुकताच दवाखाना काढलेला. त्यांनी ताप बघितला, एकशे दोन. घसा बघितला. धुराचं, लग्नाच्या दगदगीचं, वरातीतल्या आइस्क्रीमचं बोलणं झालं. सुई टोचताना त्यांनी सहज विचारलं, कसलं औषध वगैरे चालू आहे का?

विहीणबाई माझ्याकडं बघत होत्या. हेमाही माझ्याकडंच बघत होती.

“काही नाही,” मी म्हणाले. “रक्तवाढीच्या गोळ्या तेवढ्या.”

किती सहज आलं तोंडातनं. मला वाटलं होतं जीभ अडखळेल, तोंड लाल होईल. काही झालं नाही. डॉक्टर बॅग घेऊन गेले, विहीणबाई शेडाकडं गेल्या, आणि धैर्यशील, हेमाचा नवरा, उंबऱ्यात उभा राहिला. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा. बायकोजवळ बसावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. मी बसले होते म्हणून तो लाजत होता. शेवटी त्यानं पायाशी एक मोसंबं ठेवलं आणि निघून गेला.

तो गेल्यावर हेमानं माझा हात धरला. तिचा हात तव्यासारखा तापला होता. डॉक्टरांनी मला आणि वहिनीला काय सांगितलं होतं, ते तिला माहीत नव्हतं. आम्ही सांगितलंच नव्हतं, लग्नघरात उगाच भीती नको म्हणून. तिला एवढंच ठाऊक होतं की आपल्याला आजार आहे आणि तो कळता कामा नये.

“आत्ती, कुणाला सांगू नकोस हं,” ती म्हणाली. “मला तुझ्यासारखं परत यायचं नाही.”

पोरीनं वाईट हेतूनं म्हणलं नव्हतं. तापात बोलली. पण मला कुणी कानफटात मारल्यासारखं झालं. मी तिला म्हणाले, नाही सांगत बाळा, झोप. त्या रात्रीची गोळी मी तिला अर्धवट झोपेतच दिली. मध चाटवून दिली, गिळवत नव्हती म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला अक्कल होती का नव्हती? होती ना. तेच तर सांगतेय. मी अडाणी नव्हते, सातवी शिकलेले. डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. घसा दुखला, ताप आला. दोन्ही झालं होतं. धुराचं कारण तापाला लागू पडत नव्हतं. धुरानं ताप येत नाही, हे मला चांगलं कळत होतं. मी डोळे टक्क उघडे ठेवून तिच्याशेजारी पडले होते, आणि ती जरा जास्त वेळ हलली नाही की नाकासमोर बोट धरून श्वास बघत होते. फोन ओसरीवर होता. वहिनीला फोन करायचा म्हणलं तर ओसरीवर पाच पाहुणे झोपलेले. सगळ्या वाटा मला दिसत होत्या आणि प्रत्येक वाटेवर तोच एसटी स्टँड दिसत होता.

गुरुवारी उजाडलं. ताप थोडा उतरल्यासारखा वाटला. सुईचा गुण असेल. हेमा उठली, आंघोळीला नको म्हणाली, हातपाय धुतले. मी तिला सकाळची गोळी दिली. ती कशी दिली, काय मनात होतं, ते पुढं सांगेन. आत्ता नको.

दहाला पूजा सुरू झाली. केळीचे खांब लावलेले, शिऱ्याचा वास सुटलेला, बायकांनी सोपा भरलेला. हिरवा शालू, कपाळावर मळवट, आणि त्याखाली हेमाचा चेहरा पांढरा फटक. संकल्पाला गुरुजींनी आचमन करायला सांगितलं. तिनं तळहातावरचं पाणी तोंडात घेतलं आणि ते तिला गिळता येईना. पाणी ओठांच्या कोपऱ्यातनं ओघळलं. तिनं पदरानं टिपलं, आणि पदराला लालसर डाग लागलेला मी बघितला. मी खांबाला टेकून बसले होते. उठले तर पूजा मोडेल, म्हणून तशीच बसून राहिले. कथेचा पहिला अध्याय संपला, दुसरा संपला. मी मोजत होते. तिसऱ्यात ती धैर्यशीलच्या अंगावर कलंडली.

विहीणबाईंनी गर्दी बाजूला सारली, तिला दोन्ही हातांवर उचललं आणि आत नेलं. एवढी मोठी पोर, पण लहान लेकरासारखी उचलली. बॅटरी मागवून त्यांनी तिचं तोंड उघडून बघितलं. जिभेवर, टाळूला, गालांच्या आतनं पांढरे पांढरे चट्टे होते. तोंड आलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं तिसरंही झालं होतं.

गावातले डॉक्टर प्रसादालाच आले होते. ते धावत आले, ताप बघितला, एकशे चार. त्यांचा चेहरा कालच्यासारखा राहिला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी सहज नाही, माझ्याकडं रोखून बघत विचारलं. हिला खरंच कसलं औषध चालू नाही?

हेमानं डोळे उघडले. तिला बोलता येत नव्हतं. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. नको. एवढीशी हलवली, मलाच कळेल एवढी. मरायला टेकलेली पोर मला सांगत होती, नको बोलूस. हे तिला कुणी शिकवलं होतं? मीच. मी बोलून नाही शिकवलं, नुसतं तिच्यासमोर जगून शिकवलं.

“आहे,” मी म्हणाले. “औषध चालू आहे.”

खोलीत विहीणबाई, धैर्यशील, डॉक्टर. बाहेर पन्नास माणसं. मी बाटली काढून जमिनीवर ठेवली. म्हणाले की पोरीला थायरॉईड आहे, साखरपुड्यानंतर निघालं, आम्ही लपवलं, तुमच्यापासून लपवूनच लग्न लावलं. सांगताना मी विहीणबाईंच्या पायांकडं बघत होते. त्यांच्या टाचांना शेडातला बेदाण्याचा चिकटा लागला होता. आता या पायांनी ट्रंक उंबऱ्याबाहेर जाणार, असं मनात आलं.

“एवढंच?” विहीणबाई म्हणाल्या.

मी वर बघितलं.

“माझ्या धाकट्या बहिणीला आहे थायरॉईड. एवढ्यासाठी लपवाछपवी केली?”

काय सांगू तुम्हाला! एवढंच. माझ्या आयुष्यातली सत्तावीस वर्षं ज्या भीतीत गेली, ती त्या बाईनं एका शब्दात उडवली. मला क्षणभर तिचा रागसुद्धा आला. मग मी उरलेलं सांगितलं. ताप आला तर गोळी बंद करायची, त्याच दिवशी रक्त बघायचं, पांढऱ्या पेशी जातात. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत डॉक्टर उठले होते. ते म्हणाले, इथं काही करत बसायचं नाही, गाडी काढा, मिरज. मग त्यांनी विचारलं, “शेवटची गोळी कधी दिली?”

“आज सकाळी.”

विहीणबाईंच्या चेहऱ्यावरचं ‘एवढंच’ पुसलं गेलं. त्या हेमाला उचलायला वाकल्या. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

जीपमध्ये हेमाचं डोकं त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. मी मागं, स्टेपनीशेजारी. धैर्यशील गाडी अशी पळवत होता की मला वाटलं, मिरज यायच्या आत आम्ही सगळेच जाणार. हेमा तापात कण्हत होती. मध्येच तिला थंडी वाजून आली, दात वाजायला लागले. विहीणबाईंनी आपला पदर सोडून तिच्याभोवती गुंडाळला. तासाभराचा रस्ता. मी सगळ्या देवांची नावं घेतली, पण काय मागायचं ते सुचेना. नुसती नावं घेत राहिले.

मोठ्या दवाखान्यात रक्त घेतलं. कागद आला. डॉक्टर म्हणाले, पेशी जवळजवळ नाहीतच. हजारांत असायला हव्यात, शंभरसुद्धा नव्हत्या. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जाणाऱ्यानं तोंडाला मास्क बांधायचा, हात साबणानं धुवायचे, फूल नाही, फळ नाही. सलाइनमधनं औषधं, पेशी वाढवायची इंजेक्शनं. चार दिवस काही सांगता येणार नाही, असं म्हणाले.

संध्याकाळी भाऊ आणि वहिनी आले. वहिनी हंबरडा फोडून विहीणबाईंच्या पायांवर पडायला गेली. विहीणबाईंनी पाय मागं घेतले.

“रडू नका इथं. पोरगी बरी झाली की आमच्या घरी येईल. तुमच्या घरी एक दिवस धाडणार नाही.”

जे व्हावं म्हणून आम्ही हे सगळं केलं होतं, तेच त्या शिक्षा म्हणून सांगत होत्या.

तिसऱ्या दिवशी ताप एकशे पाचवर गेला. डॉक्टर घाईघाईनं आत-बाहेर करायला लागले. आम्ही जिन्यात बसलो होतो. कुणाच्या चपलांचा आवाज आला की मला वाटायचं, आता सांगायला येतायत. धैर्यशील दाराच्या काचेला कपाळ लावून उभा होता. मध्येच तो माझ्याजवळ येऊन बसला. मला वाटलं, आता हा विचारणार. त्यानं विचारलं, “आत्ती, ती बरी झाली की तिला पहिलं काय खायला आवडेल?” पाच दिवसांचा नवरा, त्याला माहीत नव्हतं. मी म्हणाले, शेवयाची खीर. आणि मग मला तिथं बसवेना. उठून खाली गेले, नळाखाली तोंड धरलं.

सहाव्या दिवशी पेशी दिसायला लागल्या. आठव्या दिवशी ताप गेला. मिरजेच्याच डॉक्टरांनी सांगितलं की ही गोळी आता जन्मात घ्यायची नाही, पुढं दुसरा उपाय करू. नवव्या दिवशी मला आत सोडलं. मास्क बांधला, हात धुतले, आणि स्टुलावर बसले. हेमा उशीला टेकून बसली होती. ओठ सोललेले, गाल बसलेले, पण डोळे आपले, पूर्वीचे.

“सिस्टर म्हणाल्या, ताप आला की ती गोळी बंद करायची असते,” ती म्हणाली. “आई म्हणते डॉक्टरांनी तसं काही सांगितलंच नव्हतं. तुला माहीत होतं?”

वहिनीनं आधीच सांगून ठेवलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. त्या घरात मी दोन दिवस तोंड वर करून खोटं बोलले होते, अजून एक खोटं काय जड होतं?

“माहीत होतं,” मी म्हणाले. “आम्हा दोघींनाही.”

“घसा दुखायला लागल्यावर किती दिल्यास?”

“तीन.”

तिनं डोळे मिटले. मला वाटलं आता तोंड फिरवेल. पण तिनं पुन्हा विचारलं, “का?”

“तुला परत धाडतील म्हणून भ्याले.”

“आणि मी मेले असते तर?”

आता ते सांगते, गुरुवारी सकाळचं. शेवटची गोळी देताना माझ्या हातात बाटली होती आणि तिच्या तोंडाचा वास मला आला होता, कुजल्यासारखा. तेव्हा मला पक्कं कळलं होतं, हे तेच आहे. यात शंका उरली नव्हती. आणि तरी मी गोळी दिली. कारण त्या वेळी मनात एक विचार आला, आणि तो मी हाकलला नाही. तो मी तिला त्या स्टुलावर बसून सांगितला. सांगितल्याशिवाय मला तिथनं उठता आलं नसतं.

“मला वाटलं, मेलीस तर इथलीच म्हणून मरशील. हिरव्या चुड्यात नेतील. त्यापेक्षा परत येणं वाईट.”

सलाइनच्या नळीतनं थेंब पडत होते. सिस्टर आली, बाटली बदलली, मला वेळ संपली म्हणाली. मी उठले. आता ही मला जन्मभर दारात उभी करणार नाही, आणि ते बरोबरच आहे, असं मनाशी म्हणत दाराच्या कडीला हात लावला.

“आत्ती,” तिनं मागनं हाक मारली. आवाज बसलेला, मोठ्या कष्टानं आलेला. “एवढं वाईट होतं का गं, तुझं परत येणं?”

घरात तिच्यासमोर मी कधी रडले नव्हते. पापड लाटायचे, भजनं म्हणायचे, भावकीतल्या बायकांना टोमणे मारायचे. तिला काय, कुणालाच ते कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

मी मागं वळले. तोंडावर मास्क होता, पण डोळे कुठं झाकायचे ते कळेना.